अन्य प्रौढ रहिवासी

एकोणीस वर्षं ज्या घरात मी राहिले, त्या घराच्या विक्रीच्या कागदात माझं वर्णन काय, तर 'अन्य प्रौढ रहिवासी'. आमची मांजरही प्रौढच आहे, पण तिला सही येत नाही म्हणून ती सुटली.

कागद क्लिफच्या वकिलाकडून, मिस्टर बूथकडून आला होता. हॅस्लिंग्डनचं घर विकून आम्ही लिथमला समुद्राजवळ एक छोटा बैठा बंगला घेणार होतो, गुडघ्यांना आता जिना नको म्हणून. घर क्लिफच्या नावावर होतं आणि बंगलाही त्याच्याच नावावर होणार होता. मी फक्त लिहून द्यायचं होतं, की या घरावर माझा कसलाही हक्क नाही आणि ठरल्या दिवशी मी मुकाट बाहेर पडेन.

"नुसती सही तर करायचीय," क्लिफ टोस्टला लोणी लावत म्हणाला. "सगळ्यांनाच करावी लागते."

"सगळे म्हणजे कोण रे? या घरात मी एकटीच आहे."

"तेच ते. आणि तू कायद्याने माझी बायकोच आहेस की. इतकी वर्षं एकत्र काढली म्हणजे झालंच."

हे मीही मानत होते बरं का. आमच्याकडे सगळेच मानतात. लग्न न करता काही वर्षं एका छपराखाली काढली, की कायदा आपोआप तुम्हाला नवराबायको समजतो, हे मला आईने सांगितलं होतं, केस कापणारीने सांगितलं होतं, आणि पबमध्ये तर कुणीही छातीठोक सांगेल. पण त्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की सही करण्याआधी स्वतःच्या वकिलाचा सल्ला घ्यावा. ज्यांना माझी सही हवी होती तेच मला जरा थांब म्हणत होते. मी थांबले.

घर विकून देणारा एजंट क्रेग लगेच पुढे सरसावला. टोकदार बूट, आणि बोलणं बुटांहून चकचकीत. "मॅडम, वकील कशाला शोधता? आमचे आहेत ना. एकदम झटपट."

"मला त्यांच्याकडे पाठवल्याबद्दल तुला काय मिळतं?"

तो हसला. "थोडंफार असतं. सगळीकडेच असतं."

"मग ते तुझे वकील झाले. माझे कसे?"

तरी मी त्या वकिलांना फोन करून पाहिला. तीनदा केला, तीन वेगळी पोरं बोलली आणि तिघांनीही मला पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं. मग गावातल्याच एका वकिलाकडे गेले. त्याने माझा हात हातात घेऊन म्हटलं, "क्लिफ थ्वेट म्हणजे आमच्या क्लबातला ना? काय भला माणूस!" माणूस भला आहे याबद्दल माझी तक्रार नव्हतीच. मी पर्स उचलली आणि बाहेर पडले.

तिसरी वकील मिस हेस्केथ, तिचं ऑफिस खाटकाच्या दुकानाच्या वर होतं. मी बसायच्या आधीच विचारलं, "तुम्ही कुणाच्या? माझ्या, की व्यवहार उरकण्याच्या?"

"तुमच्या."

"फोन केला तर कोण उचलणार?"

"मीच."

"क्लिफच्या वकिलाला काही सांगाल?"

"तुम्ही म्हटल्याशिवाय एक अक्षर नाही. आता मी विचारू? लग्न झालंय?"

"नाही, पण कायद्याने आम्ही..."

तिने पेन खाली ठेवलं. "मिस ऑर्मरॉड, असा कायदाच नाही. एकोणीस वर्षं राहा, नाहीतर एकोणपन्नास."

आईच्या माघारी मला तिच्या घराचे पैसे मिळाले होते, ते मी क्लिफच्या घराच्या नव्या छपरात घातले होते. ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "त्यावरून कोर्टात भांडता येईल. सोपं नाही, पण येईल. या कागदावर सही केलीत की तेही संपलं."

"आणि लिथमच्या बंगल्यात मी कोण?"

"नुसत्या अशाच गेलात, तर ते ठेवतील तोवर पाहुण्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग क्लिफचा नव्हता, माझाच होता. पडदे मी शिवले, मोरीतलं तुंबलेलं मी काढलं, त्याच्या न्यूमोनियात सहा आठवडे मी उशाशी बसले, आणि मी होते पाहुणी!

घरी येऊन मी कोटसुद्धा काढला नाही. "बंगल्यावर दोघांची नावं, निम्मं-निम्मं. नाहीतर सही नाही."

"माझ्यावर विश्वास नाही तुझा?" क्लिफचा चेहरा पडला.

"विश्वास आहे म्हणून तर एकोणीस वर्षं काही विचारलं नाही."

तो परसातल्या शेडमध्ये जाऊन बसला. काही मनाविरुद्ध झालं की तो तिथे जाऊन स्क्रू आकाराप्रमाणे वेगळे करत बसतो.

शुक्रवारी सगळ्यांच्या करारांची देवाणघेवाण व्हायची होती. ती झाली की कुणालाच मागे फिरता येत नाही, तोवर कुणीही फिरू शकतं. आमचं घर घेणारं जोडपं, बंगला विकणाऱ्या मिसेस एन्टविसल, आणि त्या जिच्याकडे राहायला निघाल्या होत्या ती त्यांची लेक, सगळे माझ्यावाचून अडले होते. क्रेगने फोनवर सुरुवात केली.

"मॅडम, एका सहीसाठी तीन घरची माणसं खोळंबलीत! जरा विचार करा त्यांचा."

"त्या तिघांनाही छप्पर मिळणार आहे. मला काय मिळणार ते सांग, मग विचार करते."

 मी फोन ठेवून दिला आणि मांजरीला खायला घातलं.

बुधवारी संध्याकाळी क्लिफ शेडमधून आला, हात धुतले, आणि सिंककडे बघतच म्हणाला, "मग लग्नच करून टाकू या. म्हणजे हा घोळ तरी मिटेल."

पहिली दहा वर्षं मी या वाक्याची आस धरली होती. दर नाताळात त्याने छोटीशी पेटी हातात दिली की मला वाटायचं अंगठीच, आणि पेटीत कानातले निघायचे. तेव्हा विचारलं असतं, तर वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं असतं. आणि आता विचारत होता ते शुक्रवार हुकू नये म्हणून. मला रडू आलं, आणि रडू आलं याचा जास्त राग आला.

"नको," मी म्हटलं. "कागद पुढे सरकावा म्हणून मला कुणाची बायको व्हायचं नाही."

शुक्रवारी सकाळी तो खुशीत दिसला. मिस्टर बूथना भेटून आला होता म्हणे. "ऐक. मृत्युपत्र करतोय. मी गेलो की बंगला सगळाच्या सगळा तुझा. तू निम्मा मागितलास, मी अख्खा देतोय. आता तरी कर सही."

त्याला खरंच वाटत होतं की तो दुप्पट देतोय. भला माणूस आहे म्हटलं ना.

"म्हणजे क्लिफ, मी रोज सकाळी उठून बघू, तुझा श्वास चालतोय का? माझं घर व्हावं म्हणून तू मरायची वाट बघू? तू गेल्यावरचं सगळं मला नकोय. तू असताना निम्मं हवंय."

तो खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. रागाने नाही. मी काय म्हणतेय ते त्याला आत्ता कळत होतं, आणि ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. तेवढ्यात फोन वाजला. क्रेगच होता. या वेळी क्लिफने उचलला.

"नाही, झाली नाही सही. व्हायचीही नाही. बंगल्याचे कागद बदलायला सांगतोय मी, दोन नावं येतील... मिसेस एन्टविसल थांबणार नाहीत? मग दुसरं गिऱ्हाईक बघा म्हणावं. बंगले काय, लिथमभर पडलेत."

मिसेस एन्टविसल कुरकुरत का होईना, थांबल्या.

नवे कागद मंगळवारी आले. क्लिफने पाकीट फोडलं नाही, तसंच माझ्यापुढे ठेवलं, वर पेन ठेवलं. मिस हेस्केथने सगळं आधीच तपासलं होतं, तरी मी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. दोन्ही नावं वाचली, निम्मं-निम्मं वाचलं, पुन्हा एकदा नावं वाचली. तो टेबलाशी उभा राहून वाट बघत होता. मी मुद्दामच सावकाश वाचत होते. बघू दे वाट. मी एकोणीस वर्षं बघितली होती.