चार भट्ट्या आणि माझा एकच दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. ताइचुंग शहरातल्या एका केकच्या कारखान्यात, जिन्याखालच्या खोलीत माझे आयुष्य गेले. आता भंगाराच्या टेम्पोची वाट पाहतो आहे आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला आहे!

मला आणले तेव्हा इथे एकच भट्टी होती. म्हाताऱ्या मालकांनी नियम घालून दिला, की एक ऑर्डर भाजून बाहेर आल्याशिवाय दुसरीला आत सोडायचे नाही. मी तो इमानाने पाळला. सगळे माझे कौतुक करत. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे माझ्या डोक्यावर खाऊची हिरवी पुडी ठेवत. तिच्यामुळे म्हणे यंत्र शहाण्यासारखे वागते.

यंदा भट्ट्या चार झाल्या. नवे व्यवस्थापक को साहेब यांनी क्लाउडही आणला. क्लाउड म्हणजे दूरवरची भाड्याची यंत्रे. काम वाढले की वाढतात, ओसरले की कमी होतात. ऑर्डर, पत्ते, गाड्या, सगळे तिकडे गेले. भट्टीची परवानगी तेवढी माझ्याकडे राहिली, जुन्या नियमासकट!

शरदातल्या पौर्णिमेला आमच्याकडे चंद्र बघत केक खायचा सण असतो, तेव्हा ऑर्डरींचा पूर आला. क्लाउडवरची यंत्रे भराभर वाढली आणि सगळी माझ्याच दारात येऊन उभी राहिली. मी एकेकाला सोडत होतो. तीन भट्ट्या गार पडल्या होत्या.

गाड्या रवाना करणाऱ्या सू-चेनताई धावत आल्या. “को साहेब, वृद्धाश्रमाचे केक अजून भट्टीतसुद्धा गेले नाहीत! चंद्र उगवायच्या आत पोचवते म्हणून शब्द दिलाय मी. उद्या त्या केकना कुत्रं तरी विचारेल का?”

“घाबरता काय ताई! क्लाउडवर अजून यंत्रं घेतो की.”

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! माझ्या दारातली गर्दी आणखी वाढली. मग साहेब खाली आले, माझ्याकडे पाहिले आणि ओरडले, “अरे देवा, पुडीची मुदत संपलीय!” त्यांनी नवी पुडी ठेवली, हात जोडले आणि निघून गेले. माझ्या पोटातला नियम कुणीही वाचू शकले असते. पुडीवरची तारीख मात्र बरोबर वाचली!

दुसऱ्या दिवशी ताई आणि को साहेब माझ्यासमोरच उभे होते. ताईंचे डोळे सुजलेले. “मी स्वतः स्कूटरवरून केक नेले हो. आजी-आजोबा गच्चीवर चहा आणि पपनस मांडून बसले होते म्हणे. वाट बघून बघून झोपले बिचारे.”

“यंत्र म्हातारं झालं होतं, ताई. आता तेही काम क्लाउडवर टाकलंय.”

“मग तीन भट्ट्या रिकाम्या का होत्या?”

“सांगितलं ना, यंत्र! नियम होता तस्साच तिकडे नेलाय. त्याला हातसुद्धा लावला नाही.”

मित्रांनो, जुन्या यंत्राला खुशाल भंगारात काढा. पण त्याला काय सांगून ठेवले होते, ते आधी एकदा वाचा. पुढच्या पौर्णिमेलाही ते आजी-आजोबा गच्चीवर बसणार आहेत.