काटासरांचा सूर

अगं, तू आधी नुसतं ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर मला रडू येईल आणि सगळंच राहून जाईल.

माझी मावसबहीण माऊ माहितीये ना, माध्यमिक शाळेत संगीत शिकवायचं प्रशिक्षण घेतेय ती? त्यात शेवटचे तीन महिने खऱ्या शाळेत, खऱ्या पोरांसमोर काढायचे असतात, एखाद्या जुन्या शिक्षकाच्या हाताखाली. माऊच्या वाट्याला आले काटासर. नाव पोरांनीच ठेवलेलं. तराजूचा काटा कसा, तसा त्यांचा सूर! पियानोला हातसुद्धा लावायचे नाहीत. खिडकीपाशी उभं राहून डोळे मिटायचे आणि "आऽऽ" करून पट्टी द्यायचे. माऊने पियानोवर बघावं तर बरोब्बर पांढरी चार, गाण्याची ठरलेली पट्टी. एकोणतीस वर्षं असंच. निवृत्तीला एक वर्ष उरलेलं आणि त्यांचा सगळा जीव आठवीच्या त्या एका वर्गात. पाचवीपासून त्यांनीच गायला शिकवलेली पोरं ती. "ही नववीत गेली ना, की मी माझी पिशवी उचलून निघालो," असं म्हणायचे.

तर सहाव्या आठवड्यात सरांनी सूर दिला आणि माऊने पट्टी दाबली, तर जुळेचना. सर एक घर, म्हणजे पियानोची एक पट्टी खाली. माऊला वाटलं, घसा बसला असेल. तिने काय केलं, गुपचूप सगळं गाणंच एक घर खाली वाजवलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. सर खूश! "बघ पोरी, गळ्याला विचारायचं. लाकडाच्या पेटाऱ्याला काय विचारायचं?"

पुढच्या आठवड्यात दोन घरं खाली. माऊ पण दोन घरं खाली. घरी येऊन रोज एकच गाणं वेगवेगळ्या पट्ट्यांत घोटत बसायची. तिचा दादा म्हणाला, "बाई, हे गाणं आता आमच्या कुकरलाही पाठ झालंय. बास की!" पण ती हसलीही नाही. तोवर तिला कळून चुकलं होतं ना. सर मान हलवायचे पण उत्तरं भलतीच द्यायचे. मागच्या बाकावरची मुलगी "सर, पाणी पिऊन येऊ?" म्हणाली, तर म्हणाले, "हो हो, छान म्हणालीस."

मावशी म्हणाली, "अगं, सांगून टाक त्यांना." माऊ म्हणाली, "आई, त्यांना काय सांगू? तुमचा काटा मोडलाय?"

मग आला माऊचा परीक्षेचा तास. कॉलेजच्या परीक्षक बाई मागच्या बाकावर, हातात गाण्याचा कागद, त्यावर पट्टी लिहिलेली. आदल्या दिवशी माऊ सरांना म्हणाली होती, "सर, उद्या सूर मीच देऊ का?" तर त्यांचा चेहराच उतरला. "का गं? माझ्या वर्गाला सूर दुसऱ्या कुणी कधी दिलेला नाही." मग कसली विचारतेय ती पुन्हा!

सर खिडकीपाशी गेले. डोळे मिटले. "आऽऽ".

तीन घरं खाली, अगं! गाण्याची खालची ओळ आधीच इतकी खोल, की तिथून पोरांचा आवाजच फुटला नसता, नुसती हवा निघाली असती. बाईंच्या भुवया वर गेलेल्या. माऊची बोटं पट्ट्यांवर लटकलेली. सरांबरोबर खाली जावं तर पोरं बुडणार, आणि तिची परीक्षाही. आणि तिने दाबली. पांढरी चार. मोठ्याने.

अर्धी पोरं सरांच्या सुरात, अर्धी पियानोच्या. असा काही कालवा झाला की पोरं आपणहून थांबली. आणि सगळ्यांनी वळून बघितलं, तर सर अजून डोळे मिटून, हाताने ठेका धरून उभे. हसत होते गं ते! गाणं चालूच आहे असं वाटत होतं त्यांना.

पुढच्या बाकावरच्या पोरीने त्यांची बाही ओढली, तेव्हा डोळे उघडले.

ते खुर्चीत बसले आणि माऊला मानेनेच खूण केली, चालू ठेव. तिने सूर दिला, पोरं गायली, छान गायली म्हणे. माऊला त्यातलं काही आठवत नाही.

तासानंतर पोरं गेली, तेव्हा सरांनी विचारलं, "किती दिवस?"

"सर..."

"माझ्या तोंडाकडे बघून, सावकाश सांग. किती दिवस तू माझ्यामागून खाली येत होतीस?"

"चार आठवडे."

त्यांनी पियानोचं झाकण लावलं आणि म्हणाले, "वर्गासमोर दाबलीस त्याचा राग नाही, बाळ. ते शिक्षकाचं कामच आहे. पण चार आठवडे तू माझी समजूत घातल्यासारखं वाजवलंस. मला वाटलं, मी अजून आहे."

प्रशिक्षणाच्या वहीत लिहायचं असतं, तास कुठे अडला आणि का. माऊने लिहिलं, "माझ्याकडून चुकीची पट्टी दाबली गेली." वहीवर सरांची सही लागते. त्यांनी ती ओळ खोडली आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "सूर मी चुकीचा दिला. मला नीट ऐकू येत नाही. प्रशिक्षणार्थीने योग्य तेच केले." खाली सही, तारीख. तीच वही बाईंकडून मुख्याध्यापकांकडे गेली.

सोमवारपासून सर नाहीत. वर्ष पुरं व्हायच्या आत रजेवर, आणि परत येणार नाहीत. माऊ फर्स्ट क्लासमध्ये पास. आणि काल शाळेतून फोन आला, आठवीचा वर्ग तुम्हीच घ्याल का? पोरं दुसऱ्या कुणाबरोबर गायलाच तयार नाहीत.

उद्यापर्यंत उत्तर द्यायचंय. सरांच्या घरी जाऊन आली ती. दार त्यांच्या बायकोने उघडलं, म्हणाली, "ते झोपलेत." आणि आत तर खुर्ची सरकल्याचा आवाज आला होता.

आता कालपासून नुसती बसून आहे. आम्हाला विचारते, आम्ही एकमेकींकडे बघतो. तू सांग ना. तू असतीस तर त्या वर्गात जाऊन उभी राहिली असतीस?