बिब्ब्याचा अंगठा

अक्षयाने आईच्या अंगठ्यावर तिसऱ्यांदा लिंबाची फोड चोळली, रुमालाने पुसला आणि यंत्राच्या काचेवर दाबून धरला. पडद्यावर पुन्हा लाल चौकोन आला.

“माताजी का अंगूठा घिस गया है,” खिडकीतली मुलगी म्हणाली.

करोल बागेतल्या त्या आधार केंद्रावर मागची रांग चुळबुळू लागली. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन चार दिवसांवर आलं होतं आणि त्याआधी कार्ड दुरुस्त व्हायला हवं होतं. सरकारी नोकरी लागल्यावर अक्षयाने आईला, पार्वतीबाईंना, वाशीमकडून प्रथमच दिल्लीला आणलं होतं. ती पुन्हा लिंबू घेऊ लागली.

“राहू दे माय, सालटं निघून जाईल,” पार्वतीबाई म्हणाल्या.

मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने वाकून त्यांची काळी, चट्टे पडलेली बोटं पाहिली.

“भिलावा?”

पार्वतीबाईंचा चेहरा उजळला. “हां, हां! हम बिब्बा बोलते. जंगल में बडा झाड रहता. फोडते तो तेल उडता, हाथ जलता. पर अंदर की गोडंबी, लई चांगली. बाळंतीण को लड्डू में देते.”

“हम धोबी हैं, बहन. पहले इसी के रस से कपड़ों पर निशान लगाते थे. भट्टी में उबालो, तब भी नहीं छूटता था.”

म्हाताऱ्याने आपला अंगठा पुढे केला. सोड्याने तोही गुळगुळीत झाला होता. दोघंही हसली. खिडकीतल्या मुलीलाही हसू आलं.

“चेहरे से कर देती हूँ. माताजी, इधर देखिए.”

पार्वतीबाईंनी मान ताठ केली. या वेळी हिरवा चौकोन आला.

अक्षया पावती घेत असताना म्हाताऱ्याने विचारलं, “बिटिया भी फोड़ती थी?”

“नाही!” पार्वतीबाई ठसक्यात म्हणाल्या. “इसको एक भी फोडने नहीं दिया. बहुत रोती थी, मैं भी फोडूंगी. मैं बोली, तू पुस्तक पकड.” त्यांनी लेकीचं मनगट धरून हात वर केला. “देखो, कैसा हाथ है!”

म्हाताऱ्याने तो गोरा, नितळ हात कौतुकाने पाहिला.

अक्षयाने आईच्या काळ्या बोटांतून आपला हात हळूच सोडवून घेतला आणि ओढणीत गुंडाळला. दोघी बाहेर आल्या तेव्हा रस्त्यावर ई-रिक्षांची झुंबड होती. पार्वतीबाईंनी ओढणीत चाचपडून तो हात शोधला, घट्ट धरला आणि म्हणाल्या, “चल, पलीकडे जाऊ.”