तिसापर्यंत

गाडी विकत घ्यायला आलेल्या आकारामनं तिसऱ्यांदा चावी फिरवली. गाडी खाकरली, अंगभर थरथरली आणि मागून पांढऱ्या धुराचा एक फुसकारा सोडून गप्प झाली.

"वहिनी, हिला आधी चा पाजा," तो म्हणाला. "मग उठंल."

आई कशीबशी हसली. समीक्षा हसली नाही. वडिलांची, आण्णांची, मिलिटरीची जर्सी गुडघ्यांपर्यंत ओढून ती पायरीवर बसली होती आणि मनातल्या मनात गाडीची पाठ थोपटत होती. अंगणापलीकडं स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर दव गोठून पांढरं पडलं होतं. महाबळेश्वरची ही थंडी तासगावच्या द्राक्षवाल्याला काय कळणार!

गाडी का सुरू होत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. असल्या गारठ्यात जुन्या डिझेल गाडीची चावी आधी अर्धीच फिरवायची आणि इंजिनातला हीटर तापू द्यायचा. तो तापला की समोरचा पिवळा दिवा विझतो. पण या गाडीचा दिवा दोन वर्षांपूर्वीच गेला होता. दिवा दिसत नाही म्हणजे हीटर तापलाय, असं समजून आकाराम गारठलेल्या इंजिनालाच धक्के देत होता.

आण्णांनी तो दिवा कधी बदललाच नाही. सैन्यात ट्रक चालवताना लागलेली सवय. दिवा चालू होता तेव्हाही ते मोजायचे, मोठ्यानं, एक ते तीस. मागं बसलेले पर्यटक खुदखुदायचे, आण्णांचा आकडा चुकायचा नाही. लहानपणी शेजारी बसून समीक्षाही मोजायची. कंटाळून सत्तावीसवरून तीसवर उडी मारली, की आण्णा काही न बोलता पुन्हा एकपासून सुरू करायचे.

दिवाळीनंतर अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात गेला आणि वाचाही. तेव्हापासून रोज सकाळी शाळेआधी समीक्षाच गाडी सुरू करून ठेवायची, बॅटरी उतरू नये म्हणून. गाडी दारात हाय तवर आण्णा उठणार, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं. आईनं दुसरंच ठरवलं. उभी राहून सडण्यापेक्षा चालत्या हातात गेलेली बरी, एवढंच म्हणाली, आणि समीक्षा दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

आकाराम खाली उतरला. हातावर हात चोळत म्हणाला, "इंजिनच बसलंय वहिनी. ऱ्हाऊ द्या."

आईचा चेहरा पडला. समीक्षानं जर्सीच्या बाह्यांत मुठी घट्ट केल्या. आता फक्त गप्प बसायचं होतं, बाकी काहीच नाही.

तेवढ्यात आतून आवाज आला. टण. थोड्या वेळानं पुन्हा, टण.

पाणी हवं असेल म्हणून ती आत धावली. आण्णा डाव्या हातातला पेला खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटत होते. पाणी सांडून चादर भिजली होती. त्यांचं तिच्याकडं लक्षच नव्हतं, नजर खिडकीवर होती. ठोके सारख्या अंतरानं पडत होते. अकरा, बारा. तिसावा ठोका पडला आणि ते थांबले. डावी मूठ हवेत हळूच फिरली.

"आण्णा, सुरू झाली की जाईल ती."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. मग पेला उचलला आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.

ती बाहेर आली.

"काका, सरका जरा."

चावी अर्धी फिरवून ती मोजू लागली, मोठ्यानं. सत्तावीस. अठ्ठावीस. एकोणतीस. तोंडातून वाफ निघत होती. तीसला तिनं चावी पुरी फिरवली आणि गाडी एका दमात धडधडली.

आकाराम बघतच राहिला. "पोरी, मंतर घातलास व्हय?"

"दिवा गेलाय हिचा. तीस मोजायचं." तिनं चावी तशीच ठेवून दार उघडलं. "मधले आकडे खायचे न्हाईत."

घाटाच्या दुसऱ्या वळणापर्यंत जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकू येत होता. मग वाफ्यांत कामाला आलेल्या बायकांचं बोलणं तेवढं उरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वेणी घालत होती. टण.

आईनं चुलीवरून मान वर केली. समीक्षा अर्धी वेणी हातात धरून दारापर्यंत आली. अंगणात तेलाचा काळा डाग होता, त्याच्याभोवती दव. आत ठोके पडत होते, तसेच, सारख्या अंतरानं. ती ओठांत मोजत राहिली. तीस झाले.

ठोके थांबले नाहीत.

ती आत जाऊन खाटेच्या कडेला बसली. आण्णांची नजर खिडकीवर होती.

"एकतीस," ती हळूच म्हणाली. "बत्तीस."