एका अक्षराने बदललेलं झाड

मी टोमॅटोचं झाड बोलतोय. काचघरातल्या तिसऱ्या बाकावरचं, जेमतेम वीतभर उंचीचं. हसा खुशाल, मला सवय आहे.

माझी आई बी असतानाच तिला एका जहाल रसायनात रात्रभर भिजवलं होतं. आम्हा झाडांच्या प्रत्येक पेशीत चारच अक्षरांत लिहिलेली एक लांबलचक वही असते. मूळ, पान, फळ, सगळं तिच्या हुकमाने चालतं. रसायनाने त्या वहीतली अक्षरं इथे-तिथे बदलली. आई दिसायला धडधाकट होती. खोट उतरली ती माझ्यात. भावंडं तरारून वर गेली, मी बसका तो बसकाच.

"ही खुरटी झाडं कशाला ठेवलीत? सोमवारी बाक रिकामा करा," प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडम म्हणाल्या. आम्हाला वाढवणाऱ्या संशोधक ताईने कॅलेंडरवर सोमवारी खूण केली. अक्षरांतला एखादा कामाचा बदल शोधत तीन वर्षं खपून तिच्या हाती काहीच लागलं नव्हतं.

मग सोमवारला धरूनच सुट्ट्या लागून आल्या आणि पाण्याचा पाइप तुंबला. चार दिवस थेंब नाही. माळीकाका परतले तेव्हा भावंडांनी माना टाकल्या होत्या. काका कपाळाला हात लावून बसले, आणि एकदम ओरडले, "ताई, पळत या! हा बुटक्या बघा, ताठ उभा!"

"कुंडीत ओल राहिली असेल, काका."

"बोट घालून बघा की!"

माती खडखडीत कोरडी होती. ताई माझ्याकडे बघतच राहिली.

माझं एक पान तपासायला गेलं. यंत्राने माझी वही अक्षरन्‌अक्षर वाचली. बदललेली अक्षरं निघाली हजारावर! यातलं तहान सोसणारं कोणतं? ताई रडकुंडीला आली. तेव्हा मोठ्या मॅडमच म्हणाल्या, "अगं, त्याच्या नातवंडांना विचार ना!"

ताईने न भिजवलेल्या वाणाच्या फुलाला माझा पराग लावला. मुलं झाली, मग दोनशे नातवंडं. त्यांचं पाणी तोडलं, तेव्हा चारातलं एखादंच टिकलं. टिकलेल्यांच्या वह्या एकत्र वाचल्या. बाकीचे बदल कुणात होते, कुणात नव्हते. एका अक्षरावर मात्र साऱ्यांचं एकमत! पानांवरच्या ज्या बारीक छिद्रांतून पाणी उडून जातं, ती वेळेवर मिटवणारं ते अक्षर.

"सापडलं, काका!" ताईने त्यांचे मातीचे हात तसेच धरले.

गंमत म्हणजे त्या नातवंडांतली बरीचशी चांगली उंच होती. म्हणजे माझा बुटकेपणा दुसऱ्याच कुठल्या अक्षराचा. तो कुणाच्या कामाचा नाही. माझा मलाच राहिला.

आता माझी पानं पिवळी पडलीत, फळं धरत नाहीत. आज सकाळी काकांनी माझ्या पतवंडांचे ट्रे उघड्या शेतात लावायला नेले. थेट ऊन, वारा, खरी माती. मी यातलं काही कधी पाहिलं नाही. जाताना दार उघडंच राहिलं. बाहेरचा वारा थेट माझ्यापर्यंत आला, आणि या वयात मी चक्क डोललो. येतो मी. पोरांकडे लक्ष असू द्या.