दोन बोटं मोठी कुंडी

"काका, ही कुंडी आत्ताच्या आत्ता दुकानात परत करा. हिच्यात वेल कसली लावताय? तुम्हीच मांडी घालून बसाल!"

जावकवाले काका नुसते हसले. निवृत्तीचा दिवस होता. हातात फुलांचा गुच्छ, अंगावर नवा शर्ट आणि टेबलाखाली ही बादलीएवढी कुंडी. तीस वर्षं या माणसाने कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या टपालावर क्रमांक घातले. साहेब येत-जात राहिले, काका त्याच खुर्चीत. मी तिथली झाडवाली. चार कार्यालयांतल्या कुंड्या माझ्याकडे असतात. पण काकांच्या कपाटावरची वेल माझी नव्हती. ती त्यांनी स्वतः लावलेली. कपाटावरून ती विजेच्या तारेवर चढली, घड्याळाला वळसा घालून सूचनाफलकावरून थेट साहेबांच्या दारापर्यंत गेली. लोक फाइल शोधायच्या आधी वेलीखालून वाकायला शिकत.

या वेलीची रोजची बातमी घरी जायची. काकू तीन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या, उताण्या. मानही वळत नव्हती. संध्याकाळी काका घरी गेले की त्या विचारायच्या, "आज कुठवर आली?" आणि हे सांगायचे, "घड्याळ ओलांडलं बरं का!" आता काकांना ती घरी न्यायची होती. न तोडता, अख्खी. काकूंना दिवसभर जे छत बघावं लागतं, त्यावर पसरवायची होती.

वेलीला कुंडी बदलून हवी होती हे खरंच. पाणी घातलं की लगेच खालून वाहून जायचं, भोकातून मुळं बाहेर डोकावत होती. पण म्हणून काय थेट बादली?

"जुनीपेक्षा दोन बोटं रुंद, बस्स," मी म्हटलं. "फार मोठी घेतली की जादा माती ओलीच राहते आणि मुळं कुजतात. त्यातून हे थंडीचे दिवस. वेल आत्ता वाढत नाही, पाणी ओढत नाही. दोन महिने थांबा. ऊब आली की मी स्वतः बदलून देते."

"थांबायला वेळ कुठाय, ताई? उद्यापासून ही खोली दुसऱ्याची. आणि मोठी जागा मिळाली की भराभर वाढेल. आमच्या हिला सगळं छत भरलेलं बघायचंय."

आनंदात असलेल्या माणसापुढे शहाणपण पाजळायचं माझ्या जिवावर आलं. मी जुनी कुंडी आडवी करून ठोकली. मुळांचा नुसता गुंता बाहेर आला. बोटांनी तो हळूहळू सैल केला आणि त्या बादलीत माती भरून दिली. लोकांना सांगताना मी 'काकांनी हट्ट केला' म्हणते. पण हात माझे होते. जाणून-बुजून केलं मी ते.

टॅक्सीतून वेल घरी गेली. काकांनी छताला खिळे ठोकून दोऱ्या ताणून ठेवल्याच होत्या. आम्ही दोघांनी मिळून ती वर चढवली, खिडकीपासून पंख्याला चुकवून पार समोरच्या भिंतीपर्यंत.

"अगं बाई! एवढी?" काकू म्हणाल्या. "मला वाटायचं हे फुगवून सांगतात. लग्नाआधी पगारही असाच फुगवून सांगितला होता!"

काका लाजले. खरंच लाजले, त्या वयात! त्या दिवशी त्या खोलीत किती बरं वाटत होतं, ते मला अजून आठवतं.

तिसऱ्या आठवड्यात काकांचा फोन आला. पानं पिवळी पडताहेत. मी गेले तेव्हा ते औषधं आणायला बाहेर पडले होते, दार नुसतं लोटलेलं. मी मातीत बोट खुपसलं. चिखल. बोट नाकाशी नेलं आणि काय ते समजलं.

"कुजली ना?" काकू छताकडे बघत म्हणाल्या.

"नाही हो, थोडं पाणी जास्त..."

"मला बनवू नकोस. डॉक्टर यांना बाहेर नेऊन कुजबुजतात, तेही मला ऐकू येतं. पाय गेलेत माझे, कान नाही. खरं सांग, वाचेल का?"

काय लपवायचं या बाईपासून? मी सांगितलं. आजच्या आज बाहेर काढायची, कुजलेली मुळं कापायची, लहान कुंडीत कोरडी माती घालून लावायची. पण उरलेल्या मुळांना एवढा पसारा पोसवणार नाही. वीतभर ठेवून बाकी सगळी छाटावी लागेल.

"परत छतावर यायला किती दिवस?"

"वर्ष. दीड वर्षही."

"आणि हात लावलाच नाही तर? ही वरची पानं किती टिकतील?"

"महिनाभर. फार तर दीड महिना. मग सगळीच जाईल."

काकूंनी जरा हिशेब केला. डब्यात तेल किती उरलंय ते बघून बोलावं, तशा म्हणाल्या, "मग पुरेल की मला."

मी तरी कात्री काढायला लागले.

"हात लावू नकोस. आणि यांना सांगू नकोस. त्यांना वाटेल आपणच मारली. सकाळी मी झोपलेय असं समजून ते पिवळी पानं खुडतात आणि खिशात लपवतात. मी आपली डोळे मिटून पडून राहते. चाललंय आमचं."

"काकू, एक शेंडा तरी नेऊ? पाण्यात ठेवला तर मुळं फुटतील."

"कुठला नेशील? तो समोरचा? तोच तर मला नीट दिसतो, गं."

मग मी हात मागे घेतला.

काका आले. पिशवी खाली ठेवायच्या आधीच विचारलं, "काय म्हणते वेल? कुंडी बदलायची का परत?"

बदलायची वेळ हीच होती. उद्याही उशीर झाला असता. वीस वर्षं मी ज्याला त्याला हेच बजावत आले आहे.

"नको काका," मी म्हटलं. "थांबा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग "बरं" म्हणून औषधं काढायला लागले.

काकू त्यानंतर पाचव्या आठवड्यात गेल्या. तेव्हा वर अकरा पानं होती, आणि त्यातली चार चांगली हिरवी. हे मला काकांनीच फोनवर सांगितलं.

पंधरा दिवसांनी मी भेटायला गेले. पलंग रिकामा, चादर ताठ ओढलेली. वर नुसती वाळकी वेल. तरी सवयीने मी तिचं खोड नखाने खरवडून बघितलं. आत हिरवं काहीच नव्हतं.

"काका, मी त्या दिवशी तुमच्याशी खोटं बोलले."

"ठाऊक आहे."

"काकूंनी सांगितलं?"

"छे, ती कुठली सांगतेय! ताई, इतकी वर्षं तुम्ही मला झाडांचं सांगताय. इतकं पाणी, इतकं ऊन, आणि हे असं का, ते तसं का. ऐकून कान किटायचे माझे. त्या दिवशी तुम्ही नुसतं 'थांबा' म्हणालात. का ते सांगितलंच नाहीत." ते चष्मा पुसायला लागले. "तिचे डॉक्टरही तसंच म्हणाले होते. ऑपरेशन करायचं का विचारलं, तर नुसतं 'थांबा'."

मला रडू आवरेना. इतके दिवस मी त्यांच्यापासून लपवतेय असं समजत होते, आणि या माणसाने एका शब्दात दोन्ही ओळखलं होतं.

"कुंडी मोठी आणली मी," ते म्हणाले.

"भरली मी," मी म्हटलं.

मग आम्ही एकेक दोरी सोडत वेल खाली उतरवली. मी तिची मोळी करायला घेतली, तर त्यांनी मान हलवली. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मला दिलं. तशीच लांबच्या लांब ती आम्ही जिन्यावरून खाली न्यायला लागलो. वळणावर ते थांबले.

"सावकाश, ताई," म्हणाले. "तुटेल."