पुस्तकं जाळायच्या दिवशी

मानमोडीच्या तापानं कोल्हापुरात कुठलं घर सोडलं, म्हणून मंगळवार पेठेतल्या चिमणाबाईंचं सोडील? सारी पेठ त्यांना आक्का म्हणायची. आक्का गेल्या, त्यांचं अंथरूण-पांघरूण त्याच दिवशी जाळलं. दिवसकार्य उरकलं आणि मागं राहिली ती पुस्तकं.

सोप्यातल्या दोन कपाटांत ती होती. आक्का मुलींच्या शाळेत मास्तरीण. नवरा लवकर गेलेला, पदरात एकटी मथू. पगार झाला की लुगडं घ्यायच्या ऐवजी पुस्तकं घ्यायच्या, तीही पोरांची. महाराजांच्या दरबारनं शाळा सक्तीची केली तशी पेठेतली पोरं अक्षरं जोडायला लागली, पण जोडून वाचायचं काय? मग दिवेलागणीच्या आधी आक्कांचा सोपा भरायचा. पोर कुणाचं, जात कुठली, हे विचारणं नाही. पैसा नाही, वहीत नाव नाही. नियम एकच: पुस्तक परत आणलं की गोष्ट सांगायची. आक्का डोळे मिटून ऐकायच्या. शेवट आला तर पुस्तक कपाटात, नाही आला तर, "जा, पुरं करून ये."

मथू लहानपणी चुलीपुढं बसून हे ऐकायची. तिच्यासाठी आक्कांना सवड व्हायची ती पोरं पांगल्यावर, आणि तोवर तिचा डोळा लागलेला असायचा.

आता मथूच दोन वर्षांच्या बनूची आई होती. आईच्या दुखण्याचा निरोप मिळाल्यावर कागलहून निघाली, पोचली तोवर सगळं झालं होतं. तेव्हापासून डोळ्यांत टिपूस नव्हता. बायका म्हणाल्या, रड बाई, मोकळी हो. ती नुसती बनूच्या कपाळाला हात लावून बघायची. गार आहे. थोड्या वेळानं परत लावायची. त्या हाताला तेवढंच कळत होतं.

"आज उरकून टाकू," केरबामामा परड्यात घासलेटचा डबा ठेवत म्हणाला. आक्कांचा हा धाकटा भाऊ. "पलेगात म्या बघितलंय. मेल्या माणसाची चिंधी ठिवली आन् घरंच्या घरं बसली. ह्या पुस्तकांस्नी तर साऱ्या पेठंच्या पोरांचं हात लागल्यात. तुझ्या लेकीच्या जिवापरास कागुद मोठा हाय व्हय?"

"नाही," मथू म्हणाली. "जाळा."

म्हणताना तिला काही वाटलं नाही. मामा पहिली चळत परड्यात घेऊन गेला, तेवढ्यात दारातून हाक आली.

जुलेखा. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या कुतुबुद्दीन पिंजाऱ्याची पोर, नऊ-दहा वर्षांची. ताप येऊन गेलेला. केस भादरलेले, ओढणीतून नुसते कान दिसत होते. हातात फडक्यात बांधलेलं पुस्तक.

मथू दार अडवून उभी राहिली. शेजारच्या झुंबरबाईंनी तिला आल्या आल्याच सांगितलं होतं: ह्याच पोरीच्या उशाशी आक्का रोज सांजचं वाचत बसायच्या, आणि ताप घेऊन आल्या त्या तिथूनच.

"तिथंच थांब. पुस्तक पायरीवर ठेव आणि जा."

"ठिवू कसं?" जुलेखा म्हणाली. "गोष्ट सांगायची हाय की."

"कुणाला सांगतेस? आक्का नाहीत."

"ठावं हाय मला. म्हणून तर तुमच्याकडं आलोय."

"कोण हाय गं? पिंजाऱ्याची?" मामा परड्यातून ओरडला. "घे ते आन् लाव वाटंला! ते बी टाकू ह्यातच."

जुलेखानं ते ऐकलं की नाही कोण जाणे. गटाराच्या पलीकडं उभी राहून तिनं सुरू केलं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. एक कोष्ट्याचं पोर वाट चुकतं, विहिरीत पडलेल्या माकडाला बाहेर काढतं, माकड त्याला घरी पोचवायचं कबूल करतं. पोरीला दम लागत होता. मध्येच खोकली तेव्हा मथूनं नाकाला पदर लावला, पण दार लावलं नाही. माकडाचं बोलणं आलं की जुलेखा मान तिरकी करून आवाज घोगरा काढी. ही लकब आक्कांची. मथूला त्यांच्या शेवटच्या दिवसांतलं काहीच बघायला मिळालं नव्हतं. ते आता ह्या पोरीच्या तोंडून समोर येत होतं.

"मग ती दोघं डोंगरावर जात्यात, आन्..." जुलेखा थांबली.

"आणि काय?"

"ठावं न्हाई. हितवर आक्का वाचत हुत्या आन् मला झोप लागली. उठलो तर त्या घरला गेलत्या. आता वाचाय बसलो की डोळ्याम्होरं अंधारी येती."

मामा काडेपेटी घेऊन सोप्यात आला. "मथे, घे की गं ते!"

नुसता हात पुढं करायचा होता. मथूचा हात पदरातच राहिला.

"पुरं झालं नाही," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "घेऊन जा. डोळे बरे झाले की वाच आणि शेवट सांगायला ये."

"कुणाला?"

"मला."

"तुम्ही तर कागलला जाणार म्हंत्यात."

"जाईन तेव्हा जाईन. तू आधी पुरं कर."

पोर पुस्तक छातीशी धरून गेली.

"खुळी का शाणी तू?" मामा म्हणाला. "आन् ह्यो ढीग?"

"उन्हात घालू. कडुनिंबाची धुरी देऊ. पोरं पायरीखाली उभी राहतील, आत कुणी येणार नाही."

"आन् तुझ्या लेकीला काय झालं म्हंजे?"

मथूनं बनूच्या कपाळाला हात लावून बघितलं. गार होतं. छातीत अजून लाकडासारखंच होतं. बनूला उंबऱ्याआड बसवून ती परड्यात गेली, बाज ओढून उन्हात घेतली, ढिगातलं वरचं पुस्तक उघडून बाजेवर पालथं घातलं. मग दुसरं. मामानं घासलेटचा डबा भिंतीकडं सरकवला. मग खाली बसला आणि एक पुस्तक उघडून, हात लांब करून, नाक मागं घेऊन बघायला लागला.

"ह्यात चित्रं बी हाईत की," तो म्हणाला.